भावनिक बुद्धिमत्ता आणि मनःस्वास्थ्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावनिक बुद्धिमत्ता आणि मनाचं स्वास्थ्य यांचं नातं हा माझ्या संशोधनाचा विषय. व्याख्यान संपल्यावर, प्रश्नावली भरून झाल्यावर किंवा विद्यार्थ्यांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर दिलं तर ऐकायला छान वाटेल, पण ते खरं असणार नाही.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे नेमकं काय?

स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करून घेणं, त्या कशातून उपजतात आणि कशात बदलतात हे समजणं, आणि प्रसंग पाहून त्या हाताळणं. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना शोधनिबंधातून मांडली आणि १९९७ मध्ये तिची या चार क्षमतांमध्ये मांडणी केली. त्याआधी मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सामाजिक बुद्धिमत्तेबद्दल लिहिलं होतं. हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांतातही स्वतःला आणि इतरांना जाणण्याच्या बुद्धिमत्ता होत्याच.

या चारांतली पहिली क्षमता, म्हणजे ओळखणं, मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक थेट चौथीवर उडी मारतात: राग कसा आवरू, भीती कशी घालवू. पण जे आवरायचं ते राग आहे की अपमान की नुसता थकवा, हेच नीट कळलेलं नसेल तर उपाय चुकीच्या जागी लागतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हा मुद्दा येईल.

भावनांक आणि भावनिक बुद्धिमत्ता एकच का?

बोलण्यात एकच. मात्र 'भावनांक' म्हटलं की बुद्ध्यांकासारखा एक पक्का आकडा असेल असं वाटतं. असा सर्वमान्य आकडा अस्तित्वात नाही. वेगवेगळ्या चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि त्यांचे गुण एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

'यशात ८० टक्के वाटा भावनांकाचा असतो' हे खरं आहे का?

नाही. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या लोकप्रिय पुस्तकात बुद्ध्यांकाचा यशातला वाटा फार तर २० टक्के असतो असं म्हटलं होतं. उरलेले ८० टक्के भावनांकाचे, ही भर वाचकांनी आणि प्रशिक्षणं विकणाऱ्यांनी घातली. उरलेल्यात घरची परिस्थिती, शिक्षण, आरोग्य, स्वभाव, नशीब असं सगळंच येतं. इतका मोठा वाटा कोणत्याही अभ्यासात दिसलेला नाही.

भावनिक बुद्धिमत्ता मोजता कशी?

दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला फरक कळला की या विषयावरच्या निम्म्या बातम्या नीट वाचता येतात.

पहिला मार्ग स्वतःबद्दल विचारण्याचा. 'मला काय वाटतंय हे मला सहसा लगेच कळतं', अशी विधानं देतात आणि आपण १ ते ७ पैकी आकडा निवडतो. के. व्ही. पेट्राइड्स यांची प्रश्नावली या प्रकारची: १५३ विधानं, १५ पैलू. तिची ३० विधानांची छोटी आवृत्तीही आहे. निकोला शुट्टे आणि सहकाऱ्यांची १९९८ ची ३३ विधानांची प्रश्नावलीसुद्धा संशोधनात खूप वापरली जाते.

दुसरा मार्ग परीक्षेचा. इथे स्वतःबद्दल मत द्यायचं नसतं, प्रश्न सोडवायचा असतो. समजण्यासाठी मी एक नमुना प्रश्न देते:

'ज्या निकालाची धास्ती होती तो चांगला लागला. माणसाला सर्वांत जास्त काय वाटेल? अभिमान, हायसं, आश्चर्य की कृतज्ञता?'

इथे 'हायसं' हे उत्तर बरोबर धरलं जातं, कारण संकट टळलं या जाणिवेतून येणारी भावना तीच. अभिमान वाटायला स्वतःच्या कर्तृत्वाची जाणीव लागते आणि कृतज्ञता वाटायला कुणीतरी मदत केलेली असावी लागते. प्रश्नात यांपैकी काहीच नाही. भावना कोणत्या परिस्थितीतून उपजते याच्या सिद्धांतावरून उत्तर ठरवण्याची ही पद्धत कॅरोलिन मॅकॅन आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी २००८ मध्ये एका चाचणीत वापरली. मेयर, सॅलोव्हे आणि करूसो यांच्या १४१ प्रश्नांच्या जुन्या चाचणीत मात्र बहुसंख्यांचं किंवा तज्ज्ञांचं उत्तर ते बरोबर उत्तर, असा हिशेब होता. त्यावर टीकाही भरपूर झाली, आणि ती रास्त आहे. बहुसंख्यांना जे सुचतं तेच शहाणपणाचं, असं गृहीत धरलं की अतिशय सूक्ष्म जाण असलेल्या माणसाचे गुण कापले जाऊ शकतात.

मग खरी पद्धत कोणती?

दोन्ही खऱ्या, पण त्या एकच गोष्ट मोजत नाहीत. एकाच माणसाचे दोन्ही पद्धतींतले गुण ताडून पाहिले तर सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीनं बदलतात याचं माप: ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.२ च्या आसपास, म्हणजे अगदी क्षीण निघतो. पहिल्या पद्धतीत माणसाचा स्वभाव आणि आत्मविश्वास पकडला जातो, दुसऱ्या पद्धतीत त्याची समज.

स्वतःबद्दलचा अंदाज किती फसवा असतो हे शेल्डन, डनिंग आणि एम्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांनीच स्वतःबद्दल सर्वांत फुगवलेला अंदाज दिला होता, आणि निकाल सांगितल्यावर सुधारणा करण्यात रसही त्यांनाच कमी होता.

मनःस्वास्थ्य म्हणजे आनंद का? ते कसं मोजणार?

आनंद हा त्याचा एक भाग. एड डीनर यांनी मांडलेल्या कल्पनेत तीन गोष्टी येतात: चांगल्या भावनांचं प्रमाण, त्रासदायक भावनांचं प्रमाण आणि आयुष्याकडे एकूण पाहिल्यावर वाटणारं समाधान. या समाधानासाठी त्यांची १९८५ ची पाच विधानांची प्रश्नावली आजही सर्वत्र वापरली जाते. गुण ५ ते ३५ यांदरम्यान येतात. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये वेगळी वाट घेतली. स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वायत्तता, परिस्थितीवर पकड, जगण्यातला हेतू आणि वाढ, असे सहा पैलू त्यांनी धरले. आजारी आईवडिलांची रात्रंदिवस काळजी घेणारा माणूस पहिल्या मोजपट्टीवर खाली दिसेल, दुसरीवर कदाचित बराच वर. म्हणून मी दोन्ही वापरते.

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक मोजपट्टीही आहे. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न वाटलं का, शांत वाटलं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे तिचे प्रश्न. उत्तरांची बेरीज २५ पर्यंत जाते, तिला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण मिळतात. ५० किंवा त्याखाली गुण आले तर पुढे नीट चौकशी करावी असं मानतात. ते निदान नाही, इशारा आहे.

भावनिक बुद्धिमत्ता आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध किती घट्ट आहे?

बातम्यांमध्ये येतो त्यापेक्षा सैल, पण नक्की आहे.

अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेल्या निष्कर्षाला मेटा-ॲनॅलिसिस म्हणतात. २०१६ मध्ये सांचेझ-आल्वारेझ, एक्स्ट्रेमेरा आणि फर्नांडेझ-बेरोकाल यांनी २५ अभ्यास आणि ८,५२० व्यक्तींचे आकडे असे एकत्र केले. भावनिक बुद्धिमत्ता आणि स्वतःला जाणवणारं सुखसमाधान यांच्यात सहसंबंध आला ०.३२. त्याआधी २००७ मध्ये शुट्टे आणि सहकाऱ्यांना मानसिक आरोग्यासाठी ०.२९ आणि शारीरिक आरोग्यासाठी ०.२२ हे आकडे मिळाले होते.

सहसंबंधाचा वर्ग केला की दोन गोष्टींत किती भाग सामायिक आहे याचा अंदाज येतो. ०.३२ चा वर्ग साधारण ०.१०. म्हणजे माणसामाणसांच्या समाधानात जो फरक असतो, त्यातला दहावा हिस्सा या एका गुणाशी जोडता येतो. माणसाच्या समाधानावर किती गोष्टींचा परिणाम होतो ते पाहता एकाच गुणाचा दहावा हिस्सा कमी नाही. पण बाकीचे नऊ हिस्से इतर गोष्टींचे आहेत हे विसरायचं नाही.

त्यातही एक गोम आहे. २०१६ च्या त्याच विश्लेषणात स्वतःबद्दल विचारणाऱ्या प्रश्नावल्यांचे आकडे जास्त आले आणि परीक्षेसारख्या चाचण्यांचा आकडा ०.२२ वर उतरला. वर्ग केला तर पाच टक्के. असं का? एक तर दोन्ही प्रश्नावल्या तोच माणूस त्याच दिवशी, त्याच मनःस्थितीत भरतो. आज छान वाटत असेल तर तो स्वतःला समंजसही ठरवतो आणि समाधानीही. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. पेट्राइड्स यांच्या प्रश्नावलीतल्या १५ पैलूंमध्ये आनंदीपणा, आशावाद आणि स्वाभिमान हे पैलू आहेतच. ती प्रश्नावली घेऊन 'भावनिक बुद्धिमत्ता असलेली माणसं आनंदी असतात' असं दाखवलं, तर काही अंशी आनंदाचाच आनंदाशी संबंध दाखवला जातो. असे निष्कर्ष वाचताना मोजपट्टी कोणती होती हे आधी बघा, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

संबंध आहे म्हणजे एकामुळे दुसरं घडतं का?

तसं लगेच म्हणता येत नाही. उलटंही असू शकतं: ज्याचं मन स्थिर आहे त्याला स्वतःच्या आणि इतरांच्या भावनांकडे पाहायला सवड मिळते. काळजीनं पोखरलेल्या माणसाकडे ती नसते. चांगली नाती असलेल्या घरात वाढल्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असतील, हीही शक्यता आहे. कारण ठरवायचं तर काही लोकांना प्रशिक्षण द्यायचं, काहींना नाही, आणि दोन्ही गटांकडे काही महिने लक्ष ठेवायचं. असे प्रयोग झाले आहेत, त्यांबद्दल पुढे सांगते.

भावनिक बुद्धिमत्ता असलेला माणूस नेहमी शांत असतो का?

नाही. चेहऱ्यावरची शांतता आणि आतली समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्याय दिसल्यावर चिडणं हे प्रसंगाचं अचूक वाचन असू शकतं, आणि तिथे शांत राहणं ही बेफिकिरी.

मला लगेच रडू येतं. माझी भावनिक बुद्धिमत्ता कमी आहे का?

हा प्रश्न मला फार वेळा, आणि बहुतेक वेळा हलक्या आवाजात विचारला जातो. उत्तर स्पष्ट आहे: रडू येण्यावरून काहीही ठरत नाही. भावना किती तीव्रतेनं येतात हा बराचसा स्वभावाचा भाग आहे. बुद्धिमत्तेचा भाग त्यानंतर सुरू होतो. रडू का आलं हे कळतं का? समोरच्याला ते सांगता येतं का? डोळे पुसून झाल्यावर पुढचं पाऊल शहाणपणाचं पडतं का? जोरदार भावना येऊनही हे तिन्ही जमणारी माणसं आहेत, आणि कधीही न रडता यांपैकी काहीच न जमणारीही.

भावना दाबून ठेवणं वाईटच का?

बहुतेक वेळा महागात पडतं. जेम्स ग्रोस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९० च्या दशकात प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. काहींना सूचना होती की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे खरोखर कोरे राहिले, पण आतला त्रास कमी झाला नाही, उलट शरीरावरचा ताण वाढल्याचं मोजमापांत दिसलं. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना एका त्रासदायक विषयावर बोलायला बसवलं होतं. जोडीतल्या एकीला आपल्या भावना लपवायची सूचना होती. त्या वेळी जिला या सूचनेची कल्पनाच नव्हती, त्या समोरच्या स्त्रीचाही रक्तदाब वाढला. आपण लपवलेलं समोरच्याच्या शरीराला जाणवतं.

तरीही 'वाईटच' असं मी म्हणणार नाही. बटलर यांच्याच २००७ च्या अभ्यासात, भावना आवरून धरण्याला मान असलेल्या आशियाई मूल्यांत वाढलेल्यांमध्ये हे दुष्परिणाम कमी दिसले. आणि संतापलेल्या क्षणी तोंड बंद ठेवून तासाभरानं बोलणं याला दाबणं म्हणत नाहीत. प्रश्न येतो तो 'नंतर' कधीच येत नाही तेव्हा.

'विचार बदला, भावना बदलेल' हा सल्ला बरोबर आहे का?

अर्धा. एखाद्या घटनेचा वेगळा अर्थ लावून भावनेची धार कमी करणं, याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. ग्रोस आणि ऑलिव्हर जॉन यांच्या २००३ च्या अभ्यासांत हे नेहमी करणाऱ्यांची मनःस्थिती आणि नाती, भावना दाबणाऱ्यांपेक्षा चांगली दिसली. त्यामुळे हा उपाय सगळीकडे सांगितला जाऊ लागला.

मग २०१३ मध्ये ॲलिसन ट्रॉय, अमांडा शॅलक्रॉस आणि आयरिस मॉस यांनी एक साधा प्रश्न विचारला: ताण कसला आहे? ज्यावर आपला काहीच इलाज नाही असा ताण असेल, तर पुनर्मूल्यांकन चांगलं जमणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती. पण जो ताण स्वतःच्या कृतीनं कमी करता आला असता, तिथे पुनर्मूल्यांकन चांगलं जमणाऱ्यांमध्येच लक्षणं जास्त दिसली.

या निष्कर्षाचं महत्त्व मला फार वाटतं. आजारानं माणूस गेला तर त्या दुःखाकडे पाहण्याची नजर बदलणं, एवढंच हातात असतं. पण वरिष्ठ रोज सर्वांसमोर अपमान करत असतील आणि आपण 'त्यांचाही काही नाइलाज असेल' असं मनाला समजावत बसलो, तर रागानं आपल्याला जे करायला सांगितलं होतं ते राहून जातं. तक्रार करणं, बदली मागणं, ठामपणे बोलणं, ही कामं राग करून घेतो. म्हणून कोणतंही तंत्र वापरण्याआधी विचारायचं: ही परिस्थिती माझ्यानं बदलण्यासारखी आहे का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधणं हीच माझ्या मते या सगळ्यातली खरी बुद्धिमत्ता आहे.

भावनेला नुसतं नाव दिल्यानं काय होतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच काही. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितलं तेव्हा अमिग्डाला या मेंदूतल्या भागाची खळबळ कमी झाली. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढंच सांगायचं होतं, तेव्हा तसं झालं नाही. २०१२ मध्ये कॅथरीना किर्कान्स्की, लिबरमन आणि मिशेल क्रास्क यांनी कोळ्याची भीती असलेल्या लोकांना जिवंत कोळ्याच्या जवळ जायला लावलं. एका गटाला त्या क्षणी जे वाटतंय ते मोठ्यानं बोलायचं होतं: 'हा किळसवाणा कोळी माझ्यावर उडी मारेल याची मला भीती वाटतेय.' मनाची समजूत घालायची नव्हती, धीर द्यायचा नव्हता. आठवड्यानं पुन्हा कोळ्यासमोर आणलं तेव्हा या गटाच्या त्वचेवरची भीतीची प्रतिक्रिया इतर गटांपेक्षा कमी होती, 'हा काही करणार नाही' असं स्वतःला समजावणाऱ्या गटापेक्षाही.

नाव जितकं नेमकं तितकं उपयोगी. लिसा फेल्डमन बॅरेट आणि टॉड कॅशडन यांच्यासारखे संशोधक याला भावनांची सूक्ष्म जाण म्हणतात. दिवसातून अनेकदा फोन वाजतो आणि 'आत्ता काय वाटतंय' हे नोंदवायचं असतं, अशा अभ्यासांत हा फरक ठळक दिसतो. एकाच्या नोंदी सगळ्या 'वाईट वाटतंय' अशा. दुसरीच्या नोंदींत सकाळी वैताग, दुपारी हिरमोड, संध्याकाळी अपराधीपणा. दोघांचा दिवस सारखाच वाईट गेलेला असतो, पण दुसरीला प्रत्येक वेळी पुढे काय करायचं याचा धागा मिळतो. वैतागावर विश्रांती, हिरमोडावर नवा बेत, अपराधीपणावर माफी. नुसत्या 'वाईट'वर काय करणार? असे बारकावे टिपणाऱ्या माणसांमध्ये ताणाच्या काळात दारूचा आधार घेणं, दुसऱ्यावर हात उचलणं यांचं प्रमाण कमी आढळलं आहे.

मला काय वाटतंय हेच मला कळत नाही. हे शक्य आहे का?

हो, आणि तुम्ही एकटे नाही. पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात या अवस्थेला ॲलेक्सिथायमिया हे नाव दिलं. भावना असते, पण ती छातीतली धडधड, पोटातला गोळा किंवा डोकेदुखी म्हणूनच जाणवते. शब्द सापडत नाहीत. सुरुवात शरीरापासून करावी: कुठे काय होतंय, केव्हापासून, त्याआधी काय घडलं. त्रास जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यात नीट मदत करू शकतात.

सतत आनंदी राहायचा प्रयत्न करावा का?

आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की आनंदाला फार जास्त महत्त्व देणाऱ्यांना, आनंदाला पूरक परिस्थितीतही कमी आनंद वाटतो. अपेक्षा उंच, म्हणून प्रत्येक क्षणी कमतरता दिसते. ब्रेट फोर्ड, मॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासांत, मनात आलेल्या त्रासदायक भावनांना दोष न देता येऊ देणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य पुढे अधिक चांगलं राहिलं. दुःख झाल्यावर 'मला दुःख का होतंय' याचंही दुःख करत बसू नये, एवढं तरी नक्की करता येतं.

मला दुसऱ्यांचं दुःख फार लवकर जाणवतं आणि त्रास होतो. ही चांगली गोष्ट आहे की वाईट?

चारांतली पहिली क्षमता, म्हणजे भावना ओळखणं, तुमच्याकडे भरपूर आहे; चौथी, म्हणजे त्या हाताळणं, तिच्या तोडीची व्हायला हवी. जोसेफ सियारोची आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात भावना टिपण्यात तरबेज असलेल्यांमध्ये ताण आणि नैराश्य यांचा संबंध अधिक घट्ट निघाला. जाणीव एकटी पुरत नाही. नर्स, शिक्षक, समुपदेशक अशा कामांतल्या लोकांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावं.

स्त्रियांची भावनिक बुद्धिमत्ता जास्त असते का?

परीक्षेसारख्या चाचण्यांत सरासरीनं हो. गंमत अशी की स्वतःचा अंदाज विचारला तर पुरुष स्वतःला जास्त गुण देतात, असं पेट्राइड्स आणि एड्रियन फर्नहॅम यांना २००० मध्ये दिसलं. सरासरीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल काही ठरवू नका. कित्येक पुरुष बहुतेक स्त्रियांपेक्षा वरचढ असतात.

वय वाढलं की शहाणपण येतं का?

भावना हाताळण्याच्या बाबतीत बऱ्याच जणांना येतं. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात दैनंदिन भावनिक अनुभव वयाबरोबर सुधारत गेल्याचं दिसलं. पुढे वेळ मर्यादित आहे ही जाणीव झाली की माणूस जिव्हाळ्याच्या गोष्टींना प्राधान्य देतो, असं त्या म्हणतात.

भावनिक बुद्धिमत्ता शिकता येते का? दोन दिवसांच्या कार्यशाळेनं फरक पडेल?

शिकता येते. डेल्फिन नेलिस, मोइरा मिकोलाय्चाक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला अडीच तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाला दिलं नाही. पहिल्या गटात भावना ओळखणं आणि हाताळणं सुधारलं आणि सहा महिन्यांनंतरही ते टिकून होतं. दोन्ही गट मिळून चाळीसपेक्षा कमी विद्यार्थी होते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण नंतरच्या मेटा-ॲनॅलिसिसमध्येही प्रशिक्षणाचा परिणाम मध्यम स्वरूपाचा दिसतो.

नुसत्या भाषणांनी फारसं साधत नाही. दोन सत्रांच्या मध्ये घरी करायचा सराव, रोजच्या प्रसंगांच्या नोंदी आणि त्यांवर चर्चा असेल तर पैसे आणि वेळ द्यायला हरकत नाही. कार्यशाळा घेणाऱ्याला विचारा: परिणाम कशानं मोजता? किती दिवसांनी? तुलनेसाठी दुसरा गट असतो का? उत्तर 'सहभागींचे अभिप्राय' एवढंच असेल तर समजून घ्या.

रोज डायरी लिहिल्यानं फायदा होतो का?

थोडा. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवांबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्या लिहिल्या अधिक वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले. नंतरच्या अनेक अभ्यासांत सरासरी परिणाम लहान निघाला. खर्च काही नसल्यानं करून पाहायला हरकत नाही. घाव अगदी ताजा असेल तर मात्र घाई करू नका.

मुलांना कसं शिकवावं?

उपदेशानं नाही, रोजच्या बोलण्यातून. मूल रडत असताना 'काय झालंय एवढं रडायला?' याऐवजी 'तुझा डाव मोडला म्हणून राग आलाय का?' असं विचारलं, तर मुलाला शब्दही मिळतो आणि आपलं कुणी ऐकतंय हेही कळतं. अंदाज चुकला तर मूल स्वतः दुरुस्त करतं: 'राग नाही, मला एकटं वाटतंय.' हेच शिक्षण. मोठ्यांनीही 'आज मी दमलोय म्हणून चिडचिड करतोय, तुझी चूक नाही' असं मोकळेपणानं म्हणावं.

शाळांतल्या कार्यक्रमांबद्दल चांगला पुरावा आहे. जोसेफ डुरलाक आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या मेटा-ॲनॅलिसिसमध्ये २१३ कार्यक्रम आणि २,७०,०३४ विद्यार्थी होते. वागणं सुधारलंच, अभ्यासातली कामगिरीही तुलनेनं ११ पर्सेंटाइल गुणांनी (म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीत सुमारे ११ जागांनी) वर गेली. २०२० मध्ये मॅकॅन आणि सहकाऱ्यांनी १५८ अभ्यासांवरून भावनिक बुद्धिमत्तेचा अभ्यासातल्या यशाशी सहसंबंध काढला: एकूण ०.२०, आणि क्षमता-चाचणी, म्हणजे परीक्षेसारखी चाचणी, वापरली तर ०.२४.

नोकरीसाठी निवड करताना ही चाचणी घ्यावी का?

स्वतःबद्दलची प्रश्नावली तर घेऊच नये. नोकरी हवी असलेला उमेदवार 'मला राग आवरत नाही' यावर खूण करणार नाही. क्षमता-चाचणीत गुण फुगवणं अवघड असतं, पण तिथेही कामाचं स्वरूप पाहावं लागतं. डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांच्या २०१० च्या विश्लेषणात, लोकांशी सतत हसतमुखानं वागावं लागणाऱ्या कामांत भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी चांगला संबंध दिसला. जिथे असं भावनिक श्रमाचं काम कमी, तिथे संबंध उलटाच आला.

शिवाय कामाच्या जागी छळ होत असेल, माणसं अपुरी असतील, तर कर्मचाऱ्यांचा 'भावनांक वाढवणं' हा त्यावरचा उपाय नव्हे. ताणाचं कारण व्यवस्थेत असताना उत्तर कर्मचाऱ्याच्या मनात शोधायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

भावनिक बुद्धिमत्तेचा गैरवापर होतो का?

होतो. स्टेफान कोटे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की भावना हाताळण्याचं ज्ञान परोपकारी वृत्तीच्या लोकांना अधिक परोपकारी बनवतं, आणि कारस्थानी वृत्तीच्या लोकांना त्रास देण्यात अधिक तरबेज. समोरच्याचं दुखरं ठिकाण ओळखता येणं आणि तिथे बोट न ठेवणं, या दोन गोष्टी आपोआप बरोबर येत नाहीत. दुसरी संस्कारातून यावी लागते.

इंटरनेटवरच्या मोफत चाचणीत मला कमी गुण मिळाले. काळजी करू का?

नको. तिच्या विश्वसनीयतेची (पुन्हा मोजलं तर तेच गुण येतात का) आणि सप्रमाणतेची (मोजायचं तेच ती मोजते का) तपासणी झालेली असण्याची शक्यता कमी.

मन खूप उदास असतं. भावनिक बुद्धिमत्तेवरचं वाचन आणि सराव पुरेसा आहे का?

नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जा. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आजच, जवळच्या कुणाला तरी सांगून, त्याच्यासोबत जा. नैराश्यात भावना ओळखण्याची आणि हाताळण्याची क्षमताही मंदावते. ती लक्षणाचा भाग असते, तुमचा कमीपणा नव्हे. उपचारांनी बरं वाटू लागलं की हे कौशल्य शिकणंही सोपं जातं.

संशोधनात भाग घ्यायचा असेल तर काय करावं लागतं? माझी उत्तरं कोण बघतं?

आधी माहितीपत्रक वाचायला मिळतं: अभ्यास कशासाठी, किती वेळ लागेल, काय विचारलं जाईल. पटलं तरच संमतीपत्रावर सही करायची. मध्येच थांबावंसं वाटलं तर कारण न सांगता थांबता येतं, नको वाटणारा प्रश्न सोडता येतो. उत्तरांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो आणि नावांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवली जाते. निष्कर्ष गटाचे छापले जातात, एकट्या कुणाचे नाहीत.

बरेच जण विचारतात, 'माझे गुण मला सांगाल का?' संशोधनासाठीच्या बहुतेक प्रश्नावल्या गटांची तुलना करायला केलेल्या असतात. त्यांवरून एका व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढणं योग्य नसतं, म्हणून सहसा वैयक्तिक गुण दिले जात नाहीत. अभ्यास पूर्ण झाल्यावर एकूण निष्कर्षांचा सोप्या भाषेतला गोषवारा मात्र जरूर मागा. तो मिळणं हा तुमचा हक्क आहे.